दप्तरखान्याचा नंबर

बांधकोऱ्यानं गाडीवाटेवर काटेरी तार ठोकली त्या सकाळी माझी पिठाची गिरणी बंद राहिली. दळण घेऊन आलेल्या बाया डबे तिथंच टाकून भांडण बघायला पळाल्या, मग रिकाम्या गिरणीत बसून मी तरी काय करणार? मीही पळालो. चुलत का होईना, वहिनी माझी होती आणि भांडणात ती एकटी होती.

बांधकोऱ्या हे काही त्याचं आईबापानं ठेवलेलं नाव नाही. दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरून आपल्या रानात घ्यायची त्याची जुनी खोड, म्हणून गावानं ते नाव दिलं आणि त्यालाही ते काही वाईट वाटत नाही. आता त्यानं बांध सोडून थेट वाटेलाच तोंड लावलं होतं. मोठ्या रस्त्यापासून वहिनीच्या रानापर्यंत एक गाडीवाट जाते, त्याच्या शेताच्या कडेकडेनं. आमच्या आज्याच्या बैलगाड्या त्याच वाटेनं गेल्या. तिथं त्यानं रातोरात खांब रोवले होते.

"वाट कुठंय? दाखव की!" तो कमरेवर हात ठेवून विचारत होता.

"डोळे फुटले का तुझे? या चाकोऱ्या काय उंदरांनी पाडल्या?"

"चाकोऱ्या माझ्या गाडीच्या आहेत. माझ्या रानात मी गाडी नेऊ नको होय? वाट आहे म्हणतेस तर कागद दाखव. गावच्या नकाशात वाट असेल तर मी स्वतः तार काढतो. सगळ्यांसमोर सांगतोय."

"आणते कागद. आणून तुझ्या नाकावर चिकटवते."

"आण. मी कुठं पळून चाललोय?"

एवढं बोलून तो शांतपणे न्याहारीला निघून गेला. चोर शांत असला की मला जास्त भीती वाटते.

वहिनीचं घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं ते सांगतो. रानात काकडी तोडणीला आली होती. काकडी म्हणजे तान्हं पोर, तिला उद्या माहीत नसतो. आजची आज तोडली तर हिरवी, कोवळी, बाजारात उचलली जाते. दोन दिवस वेलावर राहिली की पिवळी पडते, बिया टणक होतात आणि व्यापारी तोंड फिरवतो. व्यापाऱ्याचा टेम्पो रानापर्यंत येणार या हिशोबानं तिनं सगळं रान काकडीखाली घातलं होतं. माझा चुलतभाऊ दूरच्या शहरात ट्रकवर. त्याला फोन केला तर म्हणाला, "तू जरा समजुतीनं घे."

"समजूत इथं तारेला लटकलीय," वहिनी म्हणाली, "येऊन सोडव." आणि फोन माझ्या हातात कोंबला.

कागद आणायचा म्हणजे मोठ्या गावच्या कचेरीतून आणायचा. जुने नकाशे तिथल्या दप्तरखान्यात असतात आणि अर्ज केला की त्यांची शिक्क्याची नक्कल कुणालाही मिळते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. कचेरीत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि काकडीला तर एका दिवसाचीही सुट्टी चालत नाही. म्हणून आधी फोन करायचं ठरलं. आमच्या चावडीच्या भिंतीवर निळ्या रंगाची पाटी आहे, 'नागरिकांच्या सोयीसाठी'. खाली कचेरीतले सगळे नंबर. वहिनी नंबर वाचत होती, मी लावत होतो.

पहिला साहेबांचा. तो नंबर जगात नाही असं एका बाईनं गोड आवाजात सांगितलं. दुसरा चौकशीचा. तो एका माणसानं उचलला आणि त्यानंच माझी चौकशी केली, कोण, कुठला, नंबर दिला कुणी. आणि शेवटी, "आमच्याकडं फक्त अंडी मिळतात," म्हणून ठेवून दिला. तिसरा नुसता वाजत राहिला. चौथा दप्तरखान्याचा. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"दप्तरखाना. बोला."

काय तो आवाज! भरदार, सावकाश, बिजागरीला तेल घातल्यासारखा. मी वाटेचं सांगितलं, तारेचं सांगितलं, काकडीचं सांगितलं. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तुमचं काम रास्त आहे," तो म्हणाला. "नकलेचा अर्ज लिहा. वर माझं नाव घाला आणि टपालानं पाठवा. इथं यायची तसदी घेऊ नका. कचेरी लोकांसाठी आहे, लोक कचेरीसाठी नाहीत."

मी फोन ठेवला आणि वहिनीला म्हणालो, "देवमाणूस आहे."

"आधी नक्कल येऊ दे, मग देव्हाऱ्यात बसव," ती म्हणाली. पण तिचाही चेहरा उजळला होता.

अर्ज गेला. फोन केला तर त्या आवाजानं सांगितलं की अर्ज पोचला, त्याला आवक नंबरही पडला, लिहून घ्या. वहिनीनं तो नंबर गिरणीच्या भिंतीवर कोळशानं लिहिला. नंबर पडला म्हणजे काम झालंच, असं आम्हाला वाटलं. आमच्यासारखी माणसं नंबरावर फार लवकर भाळतात.

त्यानंतर येरे माझ्या मागल्या. फोन केला की साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला नकाशा फाटलाय, डकवायला दिलाय. त्याच्या पुढच्या खेपेला, "अर्ज पुढं गेलाय." पुढं म्हणजे कुठं, ते ताकास तूर लागू देईल तर शपथ. पण बोलणं असं, की रागवायचीही चोरी. एकदा तर त्यानं वहिनीच्या काकडीची चौकशी केली. पाणी सकाळी देता की संध्याकाळी, विचारलं.

इकडं वहिनी डोक्यावर पाटी घेऊन ओढ्याच्या काठानं फिरून माल रस्त्यावर आणत होती. ओढ्यावर एक फळी आहे, एका माणसाच्या रुंदीची. जाताना रिकामी, येताना मानेवर ओझं. एकटीनं कितीही खेपा केल्या तरी वेल तिच्यापेक्षा जोरात धावत होते. तिची मान आखडली. संध्याकाळी गिरणीत यायची तेव्हा मान वळवून बघता यायचं नाही, अख्खी वळायची. मी आणि माझी बायको जमेल तेवढ्या पाट्या वाहायचो, पण गिरणी सोडून किती जाणार? पिवळ्या काकड्यांचा ढीग बांधाला वाढत चालला होता. आणि बांधकोऱ्या पलीकडं बाज टाकून बसायचा आणि विचारायचा, "आला का गं कागद?"

एका सकाळी वहिनी आली ती हातात पाटी नसताना. "चल," म्हणाली.

"कुठं?"

"कचेरीत. त्या आवाजाला तोंड आहे का, ते बघायचंय मला."

"आणि आजची तोडणी?"

"आज तोडून तरी या मानेवर किती नेणार? चल तू."

मी पट्टा काढला, गिरणीला कुलूप घातलं. दळणवाल्या बाया ओरडल्या, ओरडोत.

कचेरीत खिडकीमागं एक तरुण बाई बसली होती, जाड चष्मा आणि समोर कागदांचा डोंगर. वहिनीनं आवक नंबर सांगितला. चष्मेवालीनं वही उघडली, बोट फिरवलं, परत फिरवलं.

"असा अर्जच नाही."

"नाही कसा? नंबर पडलाय."

"आमचे नंबर असे नसतातच, ताई. हा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"दप्तरखान्यानं. फोनवर."

"थांबा, विचारते." तिनं टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या कागदावरून नंबर बघून फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. पहिली घंटी पुरी झाली नाही.

"दप्तरखाना. बोला."

मी वहिनीकडं बघितलं. तोच आवाज.

"मी खिडकीवरून बोलतेय. त्या गाडीवाटेच्या नकलेचं काय झालं?"

"अर्ज पुढं गेलाय, बाई. परवापर्यंत होऊन जाईल."

चष्मेवालीनं फोन ठेवला. "मलाही हेच सांगतात," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम थकलेला वाटला. "मी बदलून आले तेव्हापासून हेच चाललंय. लोक इथं येऊन मला शिव्या देतात. मी तिकडं फोन लावते, आणि ते म्हणतात परवा."

"तुम्ही त्यांना कधी बघितलंय?" वहिनीनं विचारलं.

"खिडकी सोडून उठायला मिळतं कुठं? दप्तरखाना मागच्या बाजूला आहे, तळघरात."

"मग उठा की आज."

आणि काय झालं कोण जाणे, ती उठली. रांगेतली माणसं कुरकुरली, पण ती उठली. आम्ही तिघं मागच्या पायऱ्यांनी खाली उतरलो. खाली एक दार होतं. दारावर 'दप्तरखाना' असं लिहिलेलं आणि खाली हे एवढं मोठं कुलूप. कुलपाला गंज, कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं, आणि जाळ्यात मेलेल्या माशा.

वहिनी म्हणाली, "लाव फोन."

मी स्पीकरवर लावला.

"दप्तरखाना. बोला."

"साहेब, आपण आत्ता कुठं आहात?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? दप्तरखान्यात. तुमचाच कागद बघतोय."

वहिनी कुलपाकडं बघत होती. तेवढ्यात फोनमधून लांबून एका बाईची आरोळी आली, "अहो बाबा, दूध उतू गेलं! तुम्हाला बघायला सांगितलं होतं ना?"

आणि फोन बंद झाला.

आमच्या मागं कचेरीचा म्हातारा शिपाई येऊन उभा राहिला होता. त्यानं कपाळावर हात मारला. "हे तर आपले जुने दप्तरवाले. निवृत्त होऊन दोन पावसाळे उलटले की. मागच्याच गल्लीत राहतात."

त्या गल्लीतलं घर सापडायला वेळ लागला नाही. सुनेनं दार उघडलं, हातात दुधाचं करपलेलं पातेलं. आम्हाला बघून तिनं काही विचारलंही नाही. "अर्जवाले ना? आत या. चपला बाहेर काढा."

आत खिडकीशी टेबल. टेबलामागं इस्त्रीचा सदरा घातलेला, खिशाला पेन लावलेला एक म्हातारा. समोर फोन आणि टाचणीचा डबा. भिंतीला लाल फितीनं बांधलेले अर्जांचे गठ्ठे, महिन्यामहिन्याचे वेगळे. असं टापटीप दप्तर मी कुठल्या कचेरीत बघितलेलं नाही.

"ही टपालं इथं कशी?" चष्मेवालीनं विचारलं.

सून म्हणाली, "वर यांचं नाव असतं ना. पोस्टमन म्हणतो, ज्याचं नाव त्याच्या हातात द्यायचं, हा आमचा नियम. कचेरीत जाऊन परत फिरून इथं येतो बिचारा. फार प्रामाणिक आहे."

आता मात्र माझं टाळकं फिरलं. "अहो, लाज नाही वाटली तुम्हाला? इतके दिवस आम्हाला खोटं सांगत होतात?"

म्हातारा दुखावला. अगदी खरंच दुखावला. "खोटं मी कधी बोललो? होईल म्हणालो. पुढं गेलाय म्हणालो. जन्मभर खुर्चीत बसून हेच सांगितलं, कुणी खोटं म्हणालं नाही."

 आणि ते खरं होतं.

"आणि फोन कशाला उचलायचात?" चष्मेवाली म्हणाली. "निवृत्त झालोय, एवढं सांगायला जीभ जड झाली?"

"सांगणार होतो. पण नंबर माझा, पाटीवर माझा, तुमच्या काचेखाली माझा. नाही उचलला तर लोक म्हणतील, दप्तरखान्यात कुणी नाही." त्यानं खुंटीकडं बोट दाखवलं. खुंटीला पितळी किल्ली लटकत होती. "आणि चार्ज घ्यायला कुणी आलंच नाही, बाई. जायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसलो. किल्ली देऊ कुणाला? मग रीतसर अर्ज केला, माझा चार्ज घ्यावा म्हणून."

"कुणाकडं केलात?"

"दप्तरखान्याकडं."

"मग?"

"मग काय," सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आला तो पोस्टमन घेऊन इथंच. यांनी त्याला आवक नंबर दिला."

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांचा संताप एकदम पोटातून हसू होऊन वर आला. चष्मेवालीनंही तोंडाला पदर लावला. पण वहिनी हसली नाही. तिनं गठ्ठ्यातला आपला अर्ज ओळखला होता. माझ्याच अक्षरातला, वर लाल शाईनं वळणदार नंबर घातलेला. तो हातात घेऊन ती म्हाताऱ्यासमोर उभी राहिली.

"माझं पीक सडलं हो," ती म्हणाली. ओरडली नाही. "तुम्ही मला विचारलंत ना, पाणी कधी देता? मला वाटलं, चला, एका तरी माणसाला काळजी आहे. रोज सकाळी उठून वाटायचं, आज येईल कागद. अहो, एकदा जरी नाही म्हणाला असतात तर मी दुसरी वाट बघितली असती."

म्हातारा सदऱ्याची गुंडी चाचपत राहिला. मग उठला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि चपला शोधायला लागला. त्या पायातच होत्या.

कुलूप उघडायला शिपायाला तेल आणावं लागलं. आत धूळ, कुबट वास, आणि कपाटांवर कपाटं. वाळवीनं एका कोपऱ्यात आपला चार्ज घेतला होताच. म्हाताऱ्यानं आमच्या गावचा गठ्ठा काढला, नकाशा टेबलावर पसरला. आमचं सगळं रान एका कापडावर मावलं होतं. ओढा, मोठा रस्ता, आणि त्या दोघांच्या मधून गेलेली तुटक रेघांची गाडीवाट. बैलगाडी जाईल एवढी ऐसपैस. वहिनीनं तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

चष्मेवालीनं नक्कल काढली, सही केली आणि शिक्का असा हाणला की टेबलावरची धूळ उडाली. साहेब आहेत का, मंजुरी कुणाची, कशाकशाची वाट तिनं बघितली नाही. मग तिनं म्हाताऱ्यासमोर हात पुढं केला, "किल्ली द्या. घेतला चार्ज." म्हाताऱ्यानं किल्ली दिली. द्यायला जरा वेळ लावला.

"आता फोन आला तर काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांगा, चुकीचा नंबर आहे," वहिनी म्हणाली.

गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वहिनी घरी गेली नाही, थेट तारेपाशी गेली. मी मागून. माझ्या मागून बाया, कारण गिरणी अजून बंदच होती आणि त्यांना करमणूक पाहिजेच होती. बांधकोऱ्या बाजेवर पडला होता. वहिनीनं नक्कल त्याच्यासमोर धरली.

"बघ. वाट बघ. शिक्का बघ."

मला वाटलं आता हा उसळेल. नकाशा खोटा म्हणेल, शिक्का खोटा म्हणेल. त्यानं कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि मान हलवली. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"मिळाला की गं," तो म्हणाला.

"मिळणार नाही तर काय? वाट आहेच नकाशात."

"वाट आहे हे मला काय माहीत नव्हतं होय?" तो उठून चपला घालत म्हणाला. "माझ्या बापानं मला तीच वाट दाखवलेली. पण कागद मिळायचा नाही, हेही माहीत होतं. माझ्या थोरल्या भावानं त्याच नंबरावर फोन करून करून शेवटी रान विकलं."

आणि पक्कड आणायला घरात गेला. सगळ्यांसमोर शब्द दिला होता, तो त्यानं पाळला. एकेक खांब स्वतः उपटला. खड्डेही बुजवले. आणि मला कशाचा संताप आला म्हणाल तर याचाच. शब्दाला तो काही खोटा पडला नव्हता. त्यानं फक्त कचेरीवर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन आला. रानापर्यंत आला, वाट मोकळीच होती. ढिगातली एक काकडी उचलली, नखानं टोचली आणि टाकून दिली. वेलावरची बघितली. "पुढच्या लागणीला बोलवा," म्हणाला आणि आला तसा रिकामा गेला. वहिनी वेलात उभी राहिली. मग मान न वळवता अख्खी माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "ट्रॅक्टर बोलव."

"कशाला?"

"हा ढीग गवळ्याच्या म्हशींना घालायचा. त्याच्याशी बोललेय मी."

"अगं, मग गवळी फळीवरनं नेईल की पाटीपाटीनं. त्याची पोरं आहेत. ट्रॅक्टर कशाला फुकटचा?"

"पाटी नाही आता. माझ्या रानातला माल आहे, गाडीनंच जाईल."

मग ट्रॅक्टर आला. माझी बायको, गवळी, त्याची पोरं, दळणवाल्या बाया, सगळ्यांनी मिळून तो पिवळा ढीग भरला. नासक्या काकडीचा आंबूस वास हाताला लागला तो धुऊन जाईना. वहिनी ढिगावर चढून बसली. खांबांच्या बुजवलेल्या खड्ड्यांवरून चाकं गेली तेव्हा ती एका बाजूला हेलकावली आणि मानेला कळ लागली, तसा तिनं डोळा मिटून घेतला. बांधकोऱ्या दारात उभा होता. ट्रॅक्टरवाल्यानं वेग वाढवला, त्याला पुढची खेप होती.

"हळू घे," वहिनी वरून ओरडली. "वाट माझी आहे, जाऊ दे सावकाश."